मान सांभाळा... सायकलची!

हेडसेट म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? कानांवर चढवलेले दोन गोल, तोंडापुढे आलेला माइक आणि पलीकडून ‘आवाज येतोय का माझा?’ असं तिसऱ्यांदा विचारणारा टीम लीड. दिवसाचे आठ-नऊ तास ज्याच्या संगतीत जातात, त्या हेडसेटची ओळख काय करून द्यायची!

पण आणखी एक हेडसेट आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुमची सायकल उभी असेल ना, तिच्या हँडलच्या बरोबर खाली, फ्रेमच्या सगळ्यात पुढच्या आखूड नळीत तो बसलेला आहे. दिसतो जेमतेम एका अंगठीएवढा. काही सायकलींमध्ये तर तेवढाही दिसत नाही. तुम्ही वळता तो त्याच्यामुळे, सरळ जाता तेही त्याच्यामुळेच. मराठीत सांगायचं तर ही सायकलची मान.

२०२० च्या लॉकडाऊननंतर आपल्यापैकी कितीतरी जणांनी हौसेनं सायकली घेतल्या. घेताना प्रश्न तरी किती विचारले! गिअर किती? डिस्क ब्रेक आहे का? फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची की स्टीलची? टायर रुंद की अरुंद? कुणी तर घरचा वजनकाटा नेऊन सायकल तोलून पाहिली. पण ‘हिचा हेडसेट कुठल्या प्रकारचा?’ असं विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला वर्षाकाठी एखादंच भेटत असेल. आणि नेमकं याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, की उद्या कुठेतरी दूर रस्त्यावर सायकलची मान आखडली, तर ती तिथल्या तिथे सुटेल की सायकल टेम्पोत टाकून आणावी लागेल.

म्हणून आजचा कॉलम हेडसेटवर. घाबरू नका, इंजिनीअरिंगचा पेपर नाही हा!

चिमटा, दांडी आणि दोन पेले

पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये बसतं त्याला आपण स्टायलीत ‘फोर्क’ म्हणतो. गावाकडचे मिस्त्री त्याला चिमटा म्हणतात. जास्त छान शब्द आहे, आपण तोच वापरू. या चिमट्याच्या डोक्यावर एक लांब नळी असते, तिला दांडी म्हणू. ही दांडी फ्रेमच्या पुढच्या नळीतून (ती हेड ट्यूब) वर येते आणि तिच्यावर हँडल बसतं. आता लोखंडाच्या नळीत लोखंडाची दांडी नुसतीच घातली तर ती घासणार, करकरणार. म्हणून हेड ट्यूबच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक बेअरिंग असतं. ही दोन बेअरिंग्ज, त्यांना धरणारे पेले आणि सगळं जागेवर आवळून ठेवणारी वरची टोपी किंवा नट, या सगळ्या कुटुंबाचं आडनाव हेडसेट.

काम साधं वाटतं, पण त्यावर तुमचा तोल अवलंबून आहे. सायकल चालवताना आपण सरळ जातो असं आपल्याला वाटतं. खरं तर हँडल सतत बारीक बारीक डावी-उजवीकडे हलत असतं. सायकल डावीकडे कलली की चाक किंचित डावीकडे वळतं आणि तोल परत येतो. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक भन्नाट प्रयोग मांडला. फिरत्या चाकाचा भिंगरीसारखा परिणाम पुसून टाकलेली एक खास सायकल त्यांनी बनवली. तरीही ढकलून सोडल्यावर ती स्वारावाचून आपला तोल सांभाळत गेली! कारण ती ज्या बाजूला कलायची, त्या बाजूला तिचं पुढचं चाक आपोआप वळायचं. थोडक्यात, तोल सांभाळायचा तर मान मोकळी हवी. हँडल पक्कं जॅम करून सायकल चालवून बघा (नका बघू, हातपाय मोडतील!), दहा फूटसुद्धा जाणार नाही.

म्हणूनच हेडसेट जास्त आवळला की सायकल रस्त्यावर दारू प्यायल्यासारखी नागमोडी जाते, आणि ढिला राहिला की पुढचा ब्रेक मारताच हँडल खडखडतं. दोन्हीच्या मधली जी जागा, ती साधणं म्हणजे हेडसेटचं अ‍ॅडजस्टमेंट.

आणखी एक गंमत. चाकातलं बेअरिंग दिवसभर गरागरा फिरतं, हेडसेट मात्र जेमतेम काही अंश इकडे आणि काही अंश तिकडे फिरतो. म्हणजे झीज कमी? उलट! त्याच त्या छर्‍यांवर, त्याच त्या जागी खड्ड्यांचे हादरे बसत राहतात. तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, धातूवर धातू घासतो आणि पेल्यात बारीक खळगे पडतात. मग हँडल वळवताना बरोबर मध्यावर आलं की ‘टक्’ करून अडकल्यासारखं होतं. तसं होत असेल तर ओळखा, सायकलच्या मानेला स्पाँडिलायटिस झालाय. तुमच्या-आमच्यासारखाच!

आटेवाला हेडसेट : आजोबांचा, पण रिटायर न झालेला

आता जरा माझ्या गावाला, कळंबला जाऊ या. धाराशिव जिल्ह्यातलं नाही हं, यवतमाळ जिल्ह्यातलं! यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की वीस-पंचवीस किलोमीटरवर लागतं ते. तालुक्याचं गाव. इथला चिंतामणी विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, आणि त्याच्या दर्शनाला पायऱ्या चढून नाही, उतरून जावं लागतं. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब रेल्वेही सुरू झाली. पण शाळा, शेत आणि बाजार या तीन ठिकाणी जायला अजूनही कितीतरी घरांत सायकलच लागते. पोत्याचं ओझं, मागे कॅरिअरवर बसलेली मैत्रीण, पावसाळ्यात चाकाला गच्च चिकटणारी काळी माती... सायकलच्या मानेची खरी परीक्षा इथे होते.

कळंबच्या दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या काळ्या दणकट सायकलींचा हेडसेट असतो आटेवाला. म्हणजे चिमट्याच्या दांडीला वरच्या टोकाशी आटे पाडलेले असतात. हेड ट्यूबच्या दोन्ही तोंडांत ठोकून बसवलेले पेले, त्यांत सुटे छर्रे, वरून आट्यांवर फिरत येणारा दुसरा पेला, मग एक वायसर आणि सगळ्यावर लॉकनट. पेला फिरवून हवा तेवढा आवळायचा आणि लॉकनटनं तो तिथेच डांबून ठेवायचा. झालं!

दांडीचा व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. छर्रे साधारणपणे ५/३२ इंचाचे, म्हणजे चार मिलिमीटरला जरासे कमी. ते पेल्यात बसवायची मिस्त्रींची पद्धत बघण्यासारखी असते. आधी पेल्यात ग्रीसचा जाड थर, मग त्यात एकेक छर्रा चिकटवत गोल पुरा करायचा आणि शेवटी एका छर्‍याची जागा रिकामी सोडायची. अगदी दाटीवाटीनं भरले तर ते एकमेकांना घासतात. लोकलच्या डब्यासारखं! ग्रीसचं इथे डबल काम: वंगणही तेच आणि चिमटा आत सरकवेपर्यंत छर्‍यांना पडू न देणारा डिंकही तेच.

या प्रकारात हँडलचा दांडा चिमट्याच्या दांडीच्या आत जातो आणि एका लांब बोल्टनं आतून फाकून घट्ट बसतो. फायदा? बोल्ट ढिला करा, वर हलकी टपली मारा, हँडल वर-खाली करा. सकाळी बाबा शेतावर नेणार आणि दुपारी लेक क्लासला नेणार, अशा घरात ही सोय मोठी असते.

सगळं गोड-गोडच आहे असं नाही. हे वजनाला जड. आवळायला दोन मोठे पाने लागतात. सुट्या छर्‍यांत पाणी आणि धूळ सहज शिरते. हँडलचा दांडा वर्षानुवर्षं हलवला नाही तर आत गंजून असा चिकटतो की हातोडीलाही दाद देत नाही. आणि ‘एक इंच’ म्हणजे सगळीकडे सारखाच एक इंच असं समजू नका. जपानी मापाचा पेला हेड ट्यूबमध्ये ३०.० मिलिमीटरचा बसतो, आंतरराष्ट्रीय मापाचा ३०.२ चा. जुन्या इंग्लिश रॅले सायकलींना एका इंचात २६ आटे, तर प्रमाणित माप २४ आट्यांचं. डोळ्यांना नट तोच दिसतो, दोन फेरे फिरतो आणि अडतो. तिथे जोर लावला की आटे गेलेच म्हणून समजा. आजोबांची रॅले माळ्यावरून काढून ‘रिस्टोअर’ करायचा बेत असेल, तर हे आधी बघा.

पण याची खरी ताकद दुसरीच आहे. सोनिपतला १९५१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅटलसचा शेवटचा चालू कारखाना, दिल्लीजवळच्या साहिबाबादचा, जून २०२० मध्ये बंद पडला. तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी! कंपनीचं उत्पादन थांबलं, पण तिच्या लाखो सायकली रस्त्यावरच होत्या. त्यांची मान दुखली तर त्याच जातीचे पेले आणि छर्रे दुसऱ्या बनावटीचे चालतात, कारण देशभरातल्या साध्या सायकलींना ती मापं सरावाची आहेत. एक कंपनी गेली म्हणून सायकल अनाथ होत नाही.

बिनआट्यांचा हेडसेट : वरचा बोल्ट आणि बाजूचे बोल्ट

१९८० च्या दशकात अमेरिकेत माउंटन बाइकचं वेड पसरलं. डोंगर उतरताना दणके बसणार, मग एक इंचाची दांडी अपुरी वाटायला लागली आणि १ १/८ इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटरची दांडी आली. पाठोपाठ जॉन रेडर या अमेरिकन माणसानं एक सोपी कल्पना मांडली: आटेच कशाला हवेत? दांडी सरळ वरपर्यंत येऊ द्या आणि हँडलचा स्टेम तिला बाहेरून मिठी मारू द्या. १९९२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. डाया-कॉम्पे या जपानी कंपनीनं हा हेडसेट ‘अहेडसेट’ नावानं बाजारात आणला; तिचीच अमेरिकेतली शाखा पुढे ‘केन क्रीक’ झाली. आज तुमच्या-माझ्या बहुतेक हायब्रिड, एमटीबी आणि रोड बाइकमध्ये हाच प्रकार असतो.

ओळखायचा कसा? स्टेमच्या डोक्यावर एक गोल टोपी आणि तिच्या मधोमध एक बोल्ट दिसेल. मागच्या बाजूला दांडीला आवळणारे आडवे दोन बोल्ट. बस, हाच तो.

आता यातला मोठा घोळ नीट समजून घ्या. वरचा बोल्ट हँडल घट्ट करण्यासाठी नसतो! त्याचं काम फक्त बेअरिंगवर योग्य तेवढा दाब आणणं. हँडल धरून ठेवतात ते बाजूचे बोल्ट. म्हणून क्रम असा: आधी बाजूचे दोन्ही बोल्ट ढिले करा. मग वरचा बोल्ट थोडा थोडा आवळा, खडखड थांबेल आणि हँडल मोकळं फिरेल इथपर्यंतच. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणा. शेवटी बाजूचे बोल्ट आवळा. बाजूचे बोल्ट ढिले न करताच वरचा पिळत बसलात, तर बेअरिंगपर्यंत काहीच पोचत नाही. पगारवाढीच्या अर्जासारखं!

बाजूच्या बोल्टांवर बऱ्याचदा ‘५ एनएम’ असा आकडा छापलेला असतो. ती आवळण्याची मर्यादा. दांडी कार्बनची असेल तर हा आकडा पाळाच. अंदाजपंचे जोर काढून कार्बन चिरलं तर दुरुस्ती नाही, नवा चिमटाच.

या प्रकारचा प्लस पॉइंट म्हणजे एका अ‍ॅलन कीवर रस्त्याच्या कडेला काम होतं. वजन कमी, पकड पक्की. मायनस? हँडलची उंची वाढवणं सोपं नाही. स्टेमखाली ज्या चकत्या असतात, त्या वर-खाली करून मिळेल तेवढीच. दुकानदारानं दांडी कापली की कापली. ती काही परत वाढत नाही. म्हणून नव्या सायकलची दांडी पहिल्याच दिवशी ‘लूक’साठी कापून घेऊ नका. महिना-दोन महिने चालवा, पाठीला काय मानवतं ते बघा आणि मगच कापा.

एका घरातली तीन भावंडं

बिनआट्यांच्या हेडसेटमध्ये बेअरिंग कुठे राहतं, यावरून तीन प्रकार पडतात. खरं कन्फ्युजन इथेच असतं. पण फंडा सिंपल आहे.

पहिला, बाहेरच्या पेल्यांचा. पेले हेड ट्यूबच्या वर आणि खाली बाहेर दिसतात, बेअरिंगही बाहेरच. कोड ईसी. दिसायला जरा ओबडधोबड, पण सगळ्यात सोशिक. पेला खराब झाला तर ठोकून काढा, दुसरा बसवा. फ्रेमला धक्का नाही.

दुसरा, आत बुडालेल्या पेल्यांचा. पेला असतो, पण तो हेड ट्यूबच्या आत जातो आणि बाहेर फक्त पातळ कड दिसते. कोड झेडएस. हेड ट्यूब त्यासाठी रुंद लागते, नेहमीचं माप ४४ मिलिमीटर. इथेही पेला बदलता येतो.

तिसरा, पेलाच नसलेला. बेअरिंग थेट फ्रेममध्ये घडवलेल्या खाचेत टेकतं. कोड आयएस. एकदम स्लीक दिसतो, महागड्या रोड बाइकवर हमखास. बेअरिंग हातानं उचलून काढता येतं, ठोकाठोकी नाही. पण मेख अशी की, इथे पेल्याचं काम फ्रेमच करते. बेअरिंग ढिलं ठेवून महिनोन्‌महिने चालवलं आणि ती खाच खराब झाली, तर बदलायचं काय? फ्रेम!

हे कोड केन क्रीकनं लावून दिलेल्या पद्धतीतले आहेत, आणि आता बरेच बनवणारे ते वापरतात. समजा सायकलच्या माहितीपत्रकात ‘झेडएस ४४/२८.६’ असं लिहिलंय. अक्षरं प्रकार सांगतात, पहिला आकडा हेड ट्यूबच्या तोंडाचं माप आणि तिरप्या रेघेनंतरचा आकडा दांडीचा व्यास. खालच्या बेअरिंगचा कोड वेगळा असतो. कारण खालच्या बेअरिंगवर भार जास्त येतो, म्हणून अलीकडच्या बऱ्याच दांड्या वर १ १/८ इंच आणि खाली दीड इंच अशा निमुळत्या असतात. तेव्हा हेडसेट घ्यायचा तर वरचं आणि खालचं, दोन्ही मापं सांगा. एकच सांगितलंत तर दुकानदार आणि तुम्ही दोघंही फसणार.

याच्या पुढची फॅशन म्हणजे ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल्स थेट हेडसेटमधून फ्रेममध्ये नेणं. हँडलसमोर एकही वायर लोंबत नाही. फोटोत सायकल काय दिसते म्हणता! पण वरचं बेअरिंग बदलायचं म्हटलं की त्यातून जाणाऱ्या केबल्स आधी सोडवाव्या लागतात. ब्रेक हायड्रॉलिक असेल तर त्याची नळी उघडा, काम झालं की तेल भरून हवा काढा. म्हणजे दुखणं मानेचं आणि ऑपरेशन सगळ्या अंगाचं.

एक सकाळ, दोन सायकली

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या आयटीतल्या एका मित्रानं तिघांना गोळा करून नागपूर ते कळंब अशी राइड काढली. केळझरचा सिद्धिविनायक, मग सेवाग्राम, वर्धा, देवळी आणि कळंब. (मी मात्र एसटीनं!) पोचले तेव्हा त्याच्या सायकलचं हँडल प्रत्येक खड्ड्यावर ‘कट-कट’ करत होतं. सकाळी आम्ही ती गावातल्या एका दुकानात नेली.

काकांनी पुढचा ब्रेक दाबला, मानेशी दोन बोटं लावली, सायकल मागेपुढे हलवली आणि पाच सेकंदांत निदान सांगितलं, ‘‘मान ढिली झाली भाऊ. आवळून पाहू, पण मले वाटते आतलं बेअरिंगच गेलं.’’

निदान बरोबर होतं. तिसऱ्या जातीचा हेडसेट, पेला नाही. सीलबंद बेअरिंग गंजून करकरत होतं. त्याच्या कडेवर ‘३६ x ४५’ असे अंश कोरलेले आणि बाहेरचं माप ४१ मिलिमीटर. याच जातीत ४१.८ मिलिमीटरचंही बेअरिंग मिळतं आणि त्याचे कोन ४५ x ४५. फरक आठ-दशांश मिलिमीटरचा, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

‘‘काका, हे मिळते काय इथं?’’ मी विचारलं.

‘‘नाही पोरी. छर्रे पायजे तेवढे देतो. हे कोठून आणू?’’

तेवढ्यात शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी सायकल ढकलत आली. तक्रार तीच, हँडल खडखडतं. काकांनी मित्राची सायकल बाजूला ठेवली. ‘‘तिले शाळा आहे, तुमाले सुट्टी आहे,’’ एवढंच म्हणाले. लॉकनट सुटला, चिमटा खाली आला, जुने छर्रे डबीत पडले, ग्रीसवर नवे चिकटले. पंधरा-वीस मिनिटांत ती सायकलवर टांग टाकून गेलीसुद्धा. खर्च आमच्या चौघांच्या नाश्त्यापेक्षा कमी.

मग काकांनी मित्राचं बेअरिंग टाचणीनं उघडलं, धुतलं, ग्रीस भरून परत बसवलं. ‘‘यवतमाळवरी जाईन. पण उताराले हळू घ्या.’’ नवं बेअरिंग ऑनलाइन मागवलं ते पुण्याच्या पत्त्यावर, आणि मित्राच्या सायकलनं परतीचा प्रवास गाडीच्या टपावरून केला.

तुम्ही म्हणाल, मग जुनं ते सोनं का? तसं नाही. मित्राच्या सायकलवर १००-१२५ किलोमीटर जाणं जेवढं सुखाचं, तेवढं त्या मुलीच्या सायकलवर नाही. पण तिची सायकल बंद पडली तर शाळा बुडते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात गावाकडच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, त्या याचसाठी. अशा सायकलीत सगळ्यात हलका किंवा सगळ्यात गुळगुळीत पार्ट असून उपयोग नाही. तालुक्याच्या गावात त्याच दिवशी मिळणारा पार्ट हवा. तिचा हेडसेट तिच्यासाठी बरोबर आहे. प्रश्न आपला आहे: आपला आपल्यासाठी बरोबर आहे का?

मग घ्यायची कुठली?

घर ते ऑफिस, फार तर रविवारी टेकडी आणि मिसळ, असा तुमचा कार्यक्रम असेल तर शहरात दुकानं हाताशी आहेत. तिन्ही भावंडांपैकी कुठलंही चालेल. पण लांब जायची आवड असेल, गावाकडून गावाकडे, जिथे पुढचं मोठं दुकान ५०-१०० किलोमीटरवर, तर बाहेरच्या पेल्यांचा किंवा आत बुडालेल्या पेल्यांचा हेडसेट असलेली सायकल बघा. केबल्स बाहेरून जाणाऱ्या असतील तर उत्तमच. आणि तिसऱ्या जातीचीच सायकल मनात भरली असेल तर जरूर घ्या, फक्त दोन्ही बेअरिंग्जची मापं लिहून ठेवा आणि एक जादा जोडी सॅडलखालच्या पिशवीत टाका. वजन अगदी किरकोळ.

गावी आई-बाबांसाठी किंवा भाचीसाठी सायकल घेत असाल, तर मात्र शहरातला चष्मा काढून ठेवा. तिकडचा मिस्त्री जी उघडू शकतो, ती चांगली सायकल.

दोन मिनिटांची तपासणी

* पुढचा ब्रेक दाबून ठेवा, दुसऱ्या हाताची बोटं हेड ट्यूब आणि चिमट्याच्या सांध्यावर लावा, सायकल मागेपुढे ढकला. बोटांना ‘टक-टक’ लागली तर हेडसेट ढिला.
* पुढचं चाक आडवं, काटकोनात वळवून पुन्हा तेच करा. खडखड फक्त चाक सरळ असतानाच येत असेल तर ब्रेक किंवा शॉकर ढिला असण्याची शक्यता जास्त.
* फ्रेम उचलून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल एका बोटानं हलकेच ढकला. ते आपसूक बाजूला पडलं पाहिजे. अडखळलं तर जास्त आवळलंय, मध्यावर ‘टक्’ झालं तर बेअरिंग बदलायला आलंय.
* गाड्या धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊन प्रेशरचा फवारा मानेवर मारू नका. ग्रीस निघून जातं आणि पाणी आत राहतं. बादली आणि फडकं पुरे.
* पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या आसपास एकदा हेडसेट उघडून साफ करून घ्या. ग्रीस भरताना कंजूषपणा नको.
* दुरुस्तीला देताना ‘हँडल वाजतंय’ एवढंच सांगू नका. आटेवाला की बिनआट्यांचा, बाहेरचा, बुडालेला की बिनपेल्याचा, ते सांगा. मिस्त्रीचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.

आज ऑफिसातून घरी गेलात की कानावरचा हेडसेट काढा आणि पार्किंगमध्ये जाऊन दुसऱ्याची चौकशी करा. आपली मान दुखली तर निदान आपण कुरकुरतो. सायकल कुरकुरते तेव्हा आपण गाणी मोठ्यानं लावतो!